मंडळीतली कृपादाने ओळखायची कशी? तुमच्याकडे काय करतात?

नगरचा_पंच | रविवार, रात्री ९.४०

सर्वांना सलाम. जरा लांब लिहितोय, पण दोन महिने हा विषय डोक्यातून जात नाहीये.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मराठी मंडळीत (चर्चमध्ये) मी पंच, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांपैकी एक, आहे. मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या काळातली. १९७० साली नागपुरात उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, सीएनआय) स्थापन झाली, तेव्हापासून आम्ही सीएनआयमध्ये. रविवारी शंभर-सव्वाशे माणूस असतं, नाताळला बसायला जागा नसते. पाळकसाहेब चार-पाच वर्षांनी बदलून जातात. नव्या पाळकांना माणसं कळेपर्यंत दोन वर्षं जातात, आणि कळली की त्यांचीही बदली. त्यामुळे कुणाला कोणतं काम द्यायचं हे बहुतेक वेळा एकाच पद्धतीने ठरतं: जागा रिकामी झाली, बैठकीत समोर कोण बसलंय बघा, त्याचं नाव लिहा.

म्हणून यंदा पावसाळ्यात पंचमंडळीने ठरवलं, प्रत्येक सभासदाचं कृपादान, म्हणजे दुसऱ्यांच्या सेवेसाठी पवित्र आत्म्याने त्याला दिलेली देणगी, शोधून काढायचं. एकाने पुण्याहून छापील प्रश्नावली आणली. साठ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, शेवटी बेरीज. ज्या रकान्यात गुण जास्त, ते तुमचं कृपादान. अडुसष्ट जणांनी भरून दिली. चिटणीस आणि मी दोन रात्री बसून बेरजा तपासल्या. सव्वीस जणांचं ‘शिक्षण’ निघालं, एकोणीस जणांचं ‘पुढारीपण’. ‘साहाय्य’ चार. ‘दया’ दोन.

आमच्याकडे एक काका आहेत, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. उपासनेच्या अर्धा तास आधी येऊन दारातल्या डाव्या खांबाशी उभे राहतात, गायनाची पुस्तकं देतात. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी वही असते, रबर लावलेली. उपदेश सुरू झाला की ते मागच्या बाकावर बसून एकदा सगळीकडे नजर फिरवतात आणि वहीत तीन-चार नावं लिहितात. जे आले नाहीत त्यांची. संध्याकाळी पाच वाजता सायकल काढतात आणि त्या घरांना जातात. उपदेश नाही, चौकशी नाही. “दिसला नाहीत, म्हटलं बघून यावं.” चहा घेतात, निघतात. गेल्या वर्षी आमचे एक एकटे राहणारे मास्तर सकाळपासून न्हाणीघरात पडून होते. संध्याकाळी सव्वासहाला ते सापडले, ते या काकांना.

काकांनी प्रश्नावली कोरी परत केली. मी म्हटलं, काका, भरली का नाही? म्हणाले, “मला काय येतंय, पंचसाहेब. मी तिकिटं फाडणारा माणूस.”

तेव्हापासून ते अडुसष्ट कागद माझ्या कपाटात आहेत आणि मला ते बाहेर काढावेसे वाटत नाहीत. ज्याला स्वतःचं दान दिसत नाही, त्याचं कसं ओळखायचं? आणि ओळखल्यावर काय करायचं? तुमच्या मंडळीत हे कसं होतं ते लिहा, कुठल्याही पंथाची असली तरी.

शब्बाथशाळेची_बाई | रविवार, रात्री १०.३०

पंचसाहेब, सलाम. सोलापूरहून लिहिते. एकतीस वर्षं शब्बाथशाळा (मुलांची रविवारची शाळा) घेतली, आता गुडघ्यांमुळे थांबले आहे.

पहिली गोष्ट, पौलाने एकच ठरलेली यादी कुठेही दिलेली नाही. करिंथकरांना लिहिलेल्या त्याच्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आठ ते दहा या ओव्यांत नऊ दाने येतात. त्याच अध्यायाच्या अठ्ठाविसाव्या ओवीत वेगळी यादी आहे. रोमकरांच्या बाराव्यात सात आहेत आणि त्यात अन्य भाषांचं, म्हणजे प्रार्थनेत अनोळखी भाषेत बोलण्याच्या दानाचं, नावही नाही. तिथे सेवा आहे, बोध करणं आहे, हात सैल सोडून देणं आहे, हसतमुखाने दया करणं आहे. इफिसकरांत तर दानं म्हणून माणसंच दिली आहेत: प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. पेत्राने आपल्या पत्रात दोनच भाग केले, बोलणारे आणि सेवा करणारे. ज्याला जे मिळालं ते त्याने कारभाऱ्यासारखं दुसऱ्यांसाठी वापरावं, एवढंच त्याचं सांगणं. मग साठ प्रश्नांत हे बसणार कसं?

आणि ती अठ्ठाविसावी ओवी सगळ्यांनी एकदा सावकाश वाचा. आरोग्य देणारे, त्यानंतर साहाय्य करणारे, त्यानंतर कारभार पाहणारे, आणि मग भाषा बोलणारे. पुस्तकं वाटणारा आणि हिशोब ठेवणारा यांना पौलाने चमत्कारांच्या पंगतीत बसवलं आहे. आपणच त्यांना उठवून स्वयंपाकघरात पाठवतो.

माझं स्वतःचं सांगते. मी बावीस वर्षांची होते, लग्न होऊन नवीन आलेली, मंडळीत कुणाशी बोलायची नाही. वार्षिक सभेच्या दिवशी मोठी माणसं आत वाद घालत होती आणि मी बाहेर चिंचेखाली मुलांना गोळा करून योनाची गोष्ट सांगत होते, ती रडू नयेत म्हणून. पाळकीणबाई पाणी प्यायला बाहेर आल्या आणि गोष्ट संपेपर्यंत हातात तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पुढच्या रविवारी त्यांनी लहान वर्गाची हजेरी माझ्या हातात दिली. मी म्हटलं मला येत नाही. त्या म्हणाल्या, “मी तुला विचारत नाहीये, मी पाहिलंय.” मला प्रश्नावली दिली असती तर मी शिक्षणाच्या रकान्यात शून्य लिहिलं असतं.

पिंपरीचा_योहान | सोमवार, सकाळी ७.१५

प्रेज द लॉर्ड सर्वांना. मी पेंटेकॉस्टल मंडळीत वाढलो, तरुणांची सभा घेतो. बाईंचं म्हणणं पटलं, पण एक मनापासून सांगतो, कुणी राग मानू नका. जुन्या मंडळ्यांमध्ये कृपादानांवर बोलणं निघालं की लगेच सगळे खुर्च्या लावण्यावर आणि चहावर येतात. भविष्यवाद (देवाचा संदेश सांगणं), अन्य भाषा, आरोग्य यांचं नाव निघालं की माना खाली जातात. तीही त्याच आत्म्याची दानं आहेत, त्याच ओव्यांत लिहिलेली. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे झालं ते आपल्याच मातीत, मराठी मुलींमध्ये झालं. रात्र रात्र प्रार्थना, पापांगीकार, रडणं, आनंद. ते आपण विसरलो. आमच्या शुक्रवारच्या सभेत प्रत्येकाला उभं राहून प्रार्थना करायची मुभा असते. अठरा वर्षांचा पोरगा, घरी कुणी त्याचं ऐकत नाही, तो इथे तोंड उघडतो आणि त्याच्या प्रार्थनेने आम्ही सगळे हलतो. हे तुमच्या छापील उपासनाक्रमात कुठे घडणार?

दौंडकर | सोमवार, दुपारी १.०५

योहानभाऊ, मुक्तीचं नाव काढलंत म्हणून लिहितो, माझी आजी तिथे वाढली.

१९०५ च्या जागृतीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण त्याच आवारात त्याच वर्षांत आणखी काय चाललं होतं तेही पाहा. शेती, विणकाम, अंध मुलींचं शिक्षण, आणि छापखाना. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर करत होत्या. हेतू हा की कमी शिकलेल्या बाईलाही ते कळावं. खिळे जुळवणं, प्रुफं, छपाई, बांधणी यांत मुक्तीच्याच बायका-मुली होत्या. ज्यांना समाजाने टाकलं होतं त्यांच्या हातांनी पानं लागली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं.

आजी सांगायची, छापखान्यात काम करणाऱ्या बायकांची बोटं कायम काळी असायची, आणि उपासनेत हात वर केले की ती काळी बोटं दिसायची. मला लहानपणापासून ते चित्र डोळ्यांपुढे आहे. रात्री प्रार्थनेत आक्रंदणारी आणि सकाळी उलट्या अक्षरांचे खिळे जुळवणारी बाई एकच होती. हे आत्म्याचं आणि ते हातांचं असे दोन कप्पे तिथे नव्हते.

निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात देवाच्या आत्म्याने भरलेला बसालेल काय करतो? सोनं-रुपं घडवतो, लाकूड कोरतो. तो उपदेश करत नाही.

मीठ_आणि_प्रकाश | सोमवार, रात्री ११.२०

मी इथे फक्त वाचत असते, पहिल्यांदाच लिहितेय.

मी सतरा वर्षांची असताना एका शिबिराला गेले होते. शेवटच्या रात्री सगळ्यांना पुढे बोलावलं. माझ्या आजूबाजूच्या मुली अन्य भाषांत बोलू लागल्या. मला काही झालं नाही. ताईने माझ्या डोक्यावर हात ठेवला, पुन्हा प्रार्थना केली, आणि मग म्हणाली, तुझ्या आयुष्यात काहीतरी लपवलेलं पाप असेल, म्हणून आत्मा आला नाही. मी रात्रभर आठवत बसले. मी काय केलं होतं? आईच्या पर्समधून एकदा वीस रुपये घेतले होते. तेवढंच आठवलं. पुढची सहा वर्षं मी प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेतलं नाही. कुणी विचारलंही नाही का घेत नाहीस.

मला आता कुणावर राग नाही. पण ज्या मंडळीत कंडक्टर काकांसारखं कुणी असतं तिथे सहा वर्षं गेली नसती, असं हा धागा वाचून वाटलं.

पिंपरीचा_योहान | मंगळवार, सकाळी ६.५०

ताई, तुमचं वाचलं आणि कामावर निघण्याआधी बसून लिहितोय. तुमच्याशी जे झालं ते चुकीचं झालं. ज्या अध्यायावरून आम्ही बोलतो त्याच अध्यायाच्या तिसाव्या ओवीत पौल विचारतो, सगळेच भाषा बोलतात काय? त्याचं उत्तर ‘नाही’ हेच आहे. आणि चौदाव्या अध्यायात तो नियमही घालून देतो: दोघांनी, फार तर तिघांनी बोलावं, एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं. हा भाग आमच्या सभांतून फारसा वाचला जात नाही. मी या शुक्रवारी वाचणार आहे. आमच्या गटातही दोन मुली अशाच मागे बसतात. त्या का मागे बसतात हे मी आजवर विचारलेलं नाही.

परिचारिका_मिरज | मंगळवार, रात्री ८.००

आरोग्यदानावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी मिरजेत शिकले, तीस वर्षं वॉर्डात काढली. प्रार्थनेने बरे झालेले रुग्ण मी पाहिले आहेत, त्यावर माझा विश्वास आहे, आणि रात्रपाळीला मी स्वतः खाटेशी उभी राहून प्रार्थना केली आहे.

पण माझ्या सख्ख्या चुलत्यांना एका सभेत सांगितलं गेलं, तुम्ही बरे झालात, आता इन्सुलिन घेणं म्हणजे अविश्वास. त्यांनी ते बंद केलं. अडीच महिन्यांनी पायाची जखम चिघळली आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. ज्याने सांगितलं तो पुन्हा भेटायला आला नाही.

पौलाबरोबर लूक होता, आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. ज्या पौलाच्या हातून इतके लोक बरे झाले, तोच त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला आणि तसं त्याने सरळ लिहून ठेवलं. तीमथ्याला पोटासाठी काय घ्यावं तेही सांगितलं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, ज्यांच्याकडे हे दान आहे असं मंडळीला वाटतं त्यांच्यासोबत मंडळीतलाच एक डॉक्टर किंवा नर्स असू द्या. आणि गोळी बंद करायचा अधिकार कुणाही प्रार्थना करणाऱ्याला नाही, हे उपासनेत मोठ्याने सांगा.

वसईची_सून | बुधवार, दुपारी ३.३०

जय येशू. आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमचे शब्द थोडे वेगळे. दृढीकरण संस्काराच्या (श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या) तयारीत आम्हांला पवित्र आत्म्याची सात वरदानं पाठ करवून घेतात: सुज्ञता, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती, देवाचं भय. ती यशयाच्या अकराव्या अध्यायातून येतात आणि ती सगळ्यांना मिळतात. तुम्ही ज्याला कृपादान म्हणता ते त्याहून वेगळं, प्रत्येकाला निराळं आणि दुसऱ्यांसाठी दिलेलं. हा फरक मला लग्नानंतर एका फादरांनी समजावला, तोवर मी दोन्ही एकच समजत होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मंडळीविषयी जे मांडलं, त्यात बाराव्या परिच्छेदात स्पष्ट आहे की ही विशेष कृपा सर्व थरांतल्या श्रद्धावंतांना वाटली जाते, फक्त धर्मगुरूंना नाही. अधिकाऱ्यांचं काम पारखायचं, विझवायचं नाही. माझ्या सासूबाईंनी लॅटिन मिस्सा (आमची उपासना) पाहिलेली. त्या म्हणतात, तेव्हा आम्ही माळ जपत बसायचो, पुढे काय चाललंय ते फादरना माहीत. मराठी मिस्सा आली आणि वाचन कोण करणार, गाणं कोण बसवणार, असे प्रश्न आले. तेव्हा कळलं की अमक्या घरच्या मुलीचा आवाज असा आहे आणि तमका शेतकरी वाचतो तेव्हा मुलंही ऐकतात. दानं आधीपासून होतीच, पण मागणी नव्हती.

आमच्या धर्मग्रामात आता लहान समूह आहेत, वीस-पंचवीस घरांचा एक. मला वाटतं पंचसाहेबांचा प्रश्न तिथेच सुटतो. शंभर माणसांत काका दिसत नाहीत. वीस घरांत दिसतात.

माजी_खजिनदार | बुधवार, रात्री ९.१०

मी बँकेत होतो. त्यामुळे ज्या वर्षी मंडळीचा सभासद झालो त्याच वर्षी खजिनदार झालो. सतरा वर्षं. कुणी कधी विचारलं नाही की तुम्हांला हे आवडतं का, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. दर रविवारी सगळे प्रीतीने भेटत असायचे तेव्हा मी मागच्या खोलीत अर्पणाच्या नोटा लावत बसायचो. शेवटची काही वर्षं उपदेशाचा एक शब्द कानात शिरत नव्हता. चिडचिड वाढली, बायकोने सांगितलं तेव्हा सोडलं. सोडल्यावर काही जण बोलेनासे झाले.

कौशल्य आणि कृपादान यांत फरक आहे की नाही यावर मी खूप विचार केला. देवाने दिलेलं कौशल्यही दानच, हे दौंडकरांचं खरं. पण माझ्यापुरती एक खूण सापडली. हिशोब मी बिनचूक करायचो आणि रिकामा होऊन घरी यायचो. आता गुरुवारी संध्याकाळी आमच्या वस्तीत दारू सोडू पाहणाऱ्या पाच-सहा जणांबरोबर बसतो. सुरुवात शेजाऱ्यामुळे झाली. मी फार बोलत नाही. कधी दोघे येतात, कधी कुणी पुन्हा पिऊन येतो आणि रडतो. रात्री उशिरा घरी येतो, पाय दुखत असतात, आणि झोप शांत लागते. या कामासाठी मला कुणी निवडलं नव्हतं, पण आता पाळकसाहेब स्वतः माणसं माझ्याकडे पाठवतात.

पंचांना एकच सांगेन. माणसाला काम देताना परत घ्यायचा दिवसही तेव्हाच ठरवा. दोन वर्षं, तीन वर्षं. सुटका नसेल तर दानाचं ओझं होतं.

पेटीवाला | गुरुवार, सकाळी १०.२५

खजिनदार साहेब, अगदी मनातलं लिहिलंत. माझं उलट झालं, ते सांगतो.

मी एकोणचाळीस वर्षं पेटी वाजवली. वडिलांनी शिकवली. आपल्या मराठी मंडळीला गाणं कसं मिळालं हे विसरू नका. नारायण वामन टिळकांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला, आणि हा माणूस येताना कविता घेऊन आला. अभंग, ओवी, कीर्तन हे सगळं त्याच्या रक्तात होतं, ते त्याने प्रभूच्या पायाशी ठेवलं. मंडळीनेही ते नाकारलं नाही, परकं म्हटलं नाही. म्हणून आज आपण तुकोबांच्या चालीत ख्रिस्ताला आळवतो. आणि लक्ष्मीबाई? ज्यांना शाळा माहीत नव्हती, अक्षरओळख लग्नानंतर झाली, त्यांनी टिळकांच्या मागे त्यांचं अपुरं राहिलेलं येशूचं काव्यचरित्र पुरं केलं.

आमच्याकडे चार वर्षांपूर्वी तरुणांनी कीबोर्ड आणि ड्रम आणले. मला कुणी ‘नको’ म्हटलं नाही. एका रविवारी आलो तर पेटी वेदीच्या मागच्या खोलीत कापड घालून ठेवलेली होती. मी गप्प मागे जाऊन बसलो. असा दीड वर्ष बसलो. मग कीबोर्डवाल्या मुलीलाच वाटलं. ती घरी आली, म्हणाली, “आजोबा, त्या अभंगाची दुसरी ओळ माझ्या बोटात बसत नाही, दाखवाल?” आता शनिवारी संध्याकाळी ती आणि आणखी दोन मुलं येतात. पेटीचा एक सूर दबत नाही, तरी त्याच पेटीवर शिकवतो. रविवारी मी वाजवत नाही. ती वाजवते, आणि मला ऐकू येतं की कोणती जागा माझ्याकडून गेली आहे.

एक_अनामिका | गुरुवार, दुपारी ४.४५

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट कुणीच बोललं नाही.

आमच्या मंडळीत बायकांची कृपादानं शोधावी लागत नाहीत, ती आधीच ठरलेली असतात. प्रीतिभोजनाचा स्वयंपाक, फुलं, नाताळला मुलांचे पोशाख. मी ते सगळं करते आणि बायबलमधल्या दुर्कसचं नाव घेऊन आनंदाने करते. यापोच्या विधवांनी तिने शिवलेले अंगरखे पेत्राला रडत रडत दाखवले, ते कमी नाही. पण माझी एक मैत्रीण आहे. तिने धर्मशास्त्राची पदवी घेतली आहे, शास्त्र उलगडून सांगते तेव्हा पुरुष वह्या काढतात. तिला वर्षातून एकदा बोलायला मिळतं, स्त्रीमंडळाच्या रविवारी. आणि त्या दिवशीही विषय ‘आदर्श गृहिणी’. दुसरीकडे एक भाऊ आहेत, त्यांच्या हाताला चव आहे, लोकांना जेवू घालायची मनापासून आवड आहे, पण त्यांना सगळे हसतील म्हणून ते स्वयंपाकघरात येत नाहीत आणि दर उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी एकावर अडखळत बोलतात.

सीएनआयमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. नियमांत अडचण नाही. अडचण बैठकीत नाव लिहिताना येते. पंचसाहेब, तुमच्या सव्वीस शिक्षकांत बायका किती होत्या?

नगरचा_पंच | गुरुवार, रात्री १०.१५

ताई, आत्ता कपाट उघडून मोजलं. सव्वीसपैकी चौदा. आणि शब्बाथशाळेचा लहान वर्ग सोडला तर त्यांच्यातली एकही आमच्याकडे शिकवत नाही. हे मी तुम्ही विचारेपर्यंत पाहिलं नव्हतं. रविवारच्या पंचसभेत मांडतो.

सगळ्यांचे आभार. काय होतं ते कळवीन.

नगरचा_पंच | पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.००

कळवायला उशीर झाला.

प्रश्नावल्या बाजूला ठेवल्या. वसईच्या ताईंचं ऐकून मंडळीची पाच भागांत घरं वाटली आणि प्रत्येक भागात एक घरसभा घेतली. बाईंच्या पाळकीणबाईंचं ‘मी पाहिलंय’ मनात होतं, म्हणून प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली आणि स्वतःबद्दल काहीही न लिहिता दुसऱ्याबद्दल लिहायला सांगितलं. एकूण त्र्याण्णव चिठ्ठ्या आल्या. प्रश्नावलीपेक्षा पंचवीस जास्त. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारच्या मुलांकडून लिहून घेतल्या.

पाळकसाहेब आणि मी वाचत होतो. कंडक्टर काकांचं नाव एकवीस चिठ्ठ्यांवर होतं. एका चिठ्ठीवर होतं, “बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी सगळे गेले, काका चौथ्या रविवारपर्यंत आले.” एक भगिनी आहेत, कधी पुढे येत नाहीत, त्यांचं नाव अकरा ठिकाणी. आम्हांला माहीतच नव्हतं की दवाखान्यात कुणीही असलं की त्या रात्री बसायला जातात. आणि बारा चिठ्ठ्यांवर नावं होती ती सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची. मोबाइलवरून पेन्शनचं काम करून दिलं, आजीला उपासनेला हात धरून आणलं.

सगळं छान झालं असं नाही. दोन पंच नाराज आहेत, त्यांच्या नावाची एकही चिठ्ठी नव्हती. त्यातल्या एकांशी मी बोललो, दुसऱ्यांशी बोलायचं आहे. अनामिका ताईंचा प्रश्न मांडल्यावर बरीच वादावादी झाली. शेवटी नाताळआधीच्या आगमनकाळाच्या चार रविवारांपैकी दोन उपदेश बहिणींना दिले आहेत, विषय त्यांनीच निवडायचे.

काकांना चिठ्ठ्या दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून सगळ्या वाचल्या, घडी घालून परत दिल्या आणि म्हणाले, “साहेब, सायकलवर आता चढ चढवत नाही. कुणी सोबत आलं तर वरच्या वस्तीतली घरं सुटणार नाहीत.” त्यांनी आजवर मागितलेली ही पहिली गोष्ट. दहावीतला एक मुलगा आता रविवारी त्यांच्याबरोबर जातो. वही अजून काकांकडेच आहे, नावं मुलगा लिहितो.

परिचारिका_मिरज | सोमवार, सकाळी ६.३०

पंचसाहेब, देवाची स्तुती असो. आमच्या स्त्रीमंडळातही करून पाहायचं आहे. चिठ्ठीवर नेमकं काय विचारलं होतं ते जसंच्या तसं लिहाल का?

नगरचा_पंच | सोमवार, सकाळी ८.१०

सिस्टर, दोनच ओळी होत्या. “गेल्या वर्षभरात मंडळीतल्या कुणामुळे तुम्हांला उभारी मिळाली? त्यांनी नेमकं काय केलं?” दुसऱ्या ओळीवर जोर द्या, नाहीतर लोक नुसतं ‘स्वभाव चांगला’ लिहितात. पाळकांचं आणि स्वतःच्या घरच्यांचं नाव लिहायचं नाही, हे आधी सांगा. वेळ कमी देऊ नका; आम्ही दहा मिनिटं ठरवली होती, पाऊण तास लागला. आणि पेनं जास्त घेऊन जा, आम्हांला कमी पडली होती.